आठवड्याचा वर्ग आणि तेवीस दिवस : प्राथमिक आरोग्यसेवेतील प्रशिक्षणाचा आढावा

प्राथमिक आरोग्यसेवा हा शब्द महाराष्ट्रात बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पाटीशी जोडूनच वाचला जातो, आणि त्यामुळे ही सेवा देणारी व्यक्ती म्हणजे त्या केंद्रातला वैद्यकीय अधिकारी असे गृहीत धरले जाते. वस्तुतः आजारी माणसाची पहिली गाठ ज्याच्याशी पडते तो प्रत्येकजण या सेवेचा भाग असतो : गावातली आशा, उपकेंद्रातली आरोग्य सेविका (सरकारी कागदात एएनएम, म्हणजे साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका), अंगणवाडी सेविका, जुनी सुईण, बाजारपेठेत दवाखाना थाटलेला आयुर्वेद पदवीधर, आणि ‘दोन गोळ्या द्या’ म्हटल्यावर देणारा औषध दुकानदारसुद्धा. यातल्या कोणाला किती शिकवावे, कोणी शिकवावे, शिकवून झाल्यावर त्याच्या हाताशी कोणती पुस्तके, साधने आणि माणसे असावीत, हा प्रश्न गेली ऐंशी वर्षे भारतीय आरोग्यधोरणात पुन्हा पुन्हा उपस्थित होत आला आहे. महाराष्ट्रात त्याची जी उत्तरे शोधली गेली त्यांत जामखेडचे उत्तर सर्वांत जास्त गाजले आणि सर्वांत कमी समजून घेतले गेले, असे म्हणण्यास जागा आहे. कारण जामखेडची कार्यकर्ती सगळ्यांनी उचलली, पण तिचा वर्ग मात्र जामखेडलाच राहिला.

जामखेड तालुका अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांना खेटून वसलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, पीक मुख्यतः ज्वारीचे, आणि सुगी उरकली की ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघणारी कुटुंबे, अशी या पट्ट्याची ओळख. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले होते, आणि उपचार घेऊन घरी गेलेली मुले त्याच आजाराने परत येतात हा तिथला अनुभव त्यांना अस्वस्थ करीत होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रुग्णालय, गावोगाव फिरणारे पथक आणि प्रत्येक गावात मुक्कामी राहणारी एक परिचारिका असा त्यांचा पहिला आराखडा होता. त्यातला तिसरा भाग लवकरच कोसळला. परगावची, तरुण, एकटी राहणारी परिचारिका गावाला आपली वाटत नव्हती, तिच्या घरच्यांना तिची काळजी वाटत होती, आणि ती सांगत असलेल्या गोष्टी ज्यांच्यासाठी होत्या त्या बाया तिच्यापर्यंत येतच नव्हत्या. तेव्हा गावातलीच एखादी बाई निवडून तिला शिकवावे, ही कल्पना पुढे आली. लोकांनी निवडून दिलेल्या बाया बहुतांशी प्रौढ, लेकुरवाळ्या, निरक्षर आणि अनेकदा दलित होत्या, म्हणजे प्रशिक्षणाच्या कोणत्याही सरकारी पात्रतेत न बसणाऱ्या.

या बायांना शिकवण्याची रीत हीच जामखेडची खरी भर म्हणावी लागेल. त्या आठवड्यातून एकदा केंद्रावर येत, रात्री मुक्काम करीत आणि दुसऱ्या दिवशी गावी परतत. पुढच्या आठवड्यात पुन्हा येत, आणि हे वर्षानुवर्षे चालत राहिले. वर्ग जमिनीवर गोल बसून भरे. पहिला विषय ना शरीररचनेचा होता ना आजाराचा. अमक्याची सून किंवा तमक्याची आई म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या बाईने स्वतःचे नाव चारचौघांत मोठ्याने सांगणे हा पहिला धडा असे. एकाच पंगतीत जेवणे, एकाच पाण्याला हात लावणे आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली निजणे हेही अभ्यासक्रमातच मोडत होते, कारण जी कार्यकर्ती दुसऱ्या जातीच्या बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकू शकत नाही तिला नाळ कापण्याची शुद्ध पद्धत शिकवून काय उपयोग, हा प्रश्न आरोळे दांपत्याने टाळला नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात विंधनविहिरी घेताना त्या मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. त्या निर्णयाचा आणि या वर्गाचा धागा एकच होता. आरोग्यशिक्षणावरच्या पुस्तकांत ज्याला ‘अनुभवाधारित शिक्षण’ म्हणतात त्याचे हे रूप होते. मात्र त्याला असे नाव दिले की ते एखाद्या दुपारच्या सत्रात उरकता येते असा समज होतो, हा त्या नावाचा तोटा.

त्यानंतर प्रत्यक्ष विषय येत. कार्यकर्ती गावातून प्रश्न घेऊन येई : अमक्या घरी मूल जुलाबाने सुकले, मीठ-साखरेचे पाणी पाजले तरी टाळू खोलच राहिली, आता काय करायचे? त्या एका प्रश्नावर दहाजणी आपापल्या गावचे सांगत, मग डॉक्टर किंवा परिचारिका त्यात शास्त्राची भर घालीत, आणि परत जाताना प्रत्येकीने ते ज्ञान आपल्या शब्दांत म्हणून दाखवायचे असे. अक्षरओळख नसल्यामुळे वही नव्हती. तिची जागा चित्रांची कार्डे, फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायची चित्रे, गाणी आणि कळसूत्री बाहुल्या यांनी घेतली होती. गरोदरपणी पोट मोठे होईल म्हणून कमी जेवणे, बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकणे, कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणे या रूढींवर भाषण दिले जात नसे. जिने स्वतः चीक फेकला होता आणि जिचे मूल दगावले होते ती बाई ते सांगे, आणि म्हणून गाव ऐके. नव्या बाया जुन्या बायांकडूनच शिकत, त्यामुळे काही वर्षांत शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातली सीमा बरीच पुसट झाली. मुक्ताबाई पोळ या कार्यकर्तीने १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत डॉक्टरांना झगमगत्या झुंबरांची आणि स्वतःला एकावरून दुसरा पेटवता येणाऱ्या साध्या दिव्याची उपमा दिली, ती सार्वजनिक आरोग्याच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. पण टाळ्यांच्या गजरात तिचा नेमका अर्थ निसटतो. मुद्दा साधेपणाचा नव्हता, शिकवण्याच्या क्षमतेचा होता : झुंबरावरून दुसरे झुंबर पेटवता येत नाही.

या वर्गाला टेकू देणारी दोन अंगे होती, आणि त्यांच्याशिवाय तो वर्ग म्हणजे नुसते भजन ठरले असते. पहिले अंग फिरत्या पथकाचे. परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता आणि कधी डॉक्टर असे पथक ठरलेल्या दिवशी गावात येई, कार्यकर्तीबरोबर घरोघरी जाई आणि तिच्या निदानाला चारचौघांसमोर दुजोरा देई किंवा एकांतात दुरुस्ती सुचवी. दुसरे अंग रुग्णालयाचे : कार्यकर्तीने पाठवलेल्या अडलेल्या बाळंतिणीला तिथे दाराशी कोणी ताटकळत ठेवत नसे. आरोग्यव्यवस्थेच्या भाषेत याला ‘संदर्भसेवा’ म्हणतात, म्हणजे खालच्या पातळीवर न झेपणारा रुग्ण वरच्या पातळीवर नीट पोचवणे आणि बरा झाल्यावर त्याची माहिती परत खाली कळवणे. यातला उत्तरार्ध, म्हणजे माहिती खाली परत येणे, बहुतेक ठिकाणी गळतो. आणि तो गळला की पाठवणाऱ्या बाईला आपण बरोबर ओळखले होते की चूक हे कधीच कळत नाही. शिकण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही, तरी तो सगळ्यांत जास्त वाया जातो. पुढे शेतकरी मंडळे आणि महिला विकास मंडळे उभी राहिली आणि कार्यकर्तीच्या ज्ञानाला गावात मागणी निर्माण झाली, हे तिसरे, काहीसे उशिरा आलेले अंग.

परिणामांचे काय, हा प्रश्न आढाव्याला टाळता येत नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये अर्भक मृत्युदर, म्हणजे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी वर्षाच्या आत दगावणाऱ्यांची संख्या, १७६ होता आणि पाव शतकात तो तिशीच्या खाली आला. या काळात महाराष्ट्रातही मृत्युदर उतरतच होता, तेव्हा श्रेय किती कोणाचे हे नुसत्या या दोन आकड्यांवरून ठरत नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रकल्पातील गावांची त्याच भागातील इतर गावांशी तुलना केली, तेव्हा एक महिना ते पाच वर्षे या वयातील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. मात्र पहिल्या महिन्यातील, म्हणजे नवजात बालकांच्या, मृत्यूंत असा ठळक फरक दिसला नाही. हा निष्कर्ष जामखेडच्या गौरवपर लेखनात सहसा उद्धृत होत नाही, आणि तोच प्रशिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. स्वच्छता, आहार, लसीकरण, जुलाबावरचे पाणी, जातिभेदाची झीज या गोष्टी संवादाने आणि सवयीने बदलतात, आणि तिथे गोल बसून चालणारा वर्ग बलवान ठरतो. पण जन्मतः न रडणारे बाळ किंवा तिसऱ्या दिवशी दूध सोडणारे बाळ हाताळण्यास वेगळे, नेमके, पुन्हा पुन्हा घोटलेले कौशल्य लागते.

ते कौशल्य महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, घडवले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने आधी बालकांच्या न्यूमोनियावर आणि नंतर नवजात बालकांच्या घरगुती काळजीवर काम केले. न्यूमोनिया ओळखण्याची खूण साधी आहे : श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. ज्यांना जेमतेम बारापर्यंत मोजता येत होते त्या सुईणींनी साठ श्वास मोजायचे कसे? त्यावर संस्थेने लाकडी चौकटीत मणी ओवलेले आणि मिनिटभराची वाळूची घटिका बसवलेले एक यंत्र तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, घटिका संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया. मोजता न येणे ही सुईणीची उणीव न मानता साधनाची उणीव मानण्याची ही वृत्ती प्रशिक्षण-साहित्याच्या इतिहासात दुर्मीळ आहे. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून शिकवलेल्या गावच्याच स्त्रियांनी बाळाचे वजन, तापमान आणि श्वास तपासून, गुदमरलेल्या बाळाला श्वास देऊन आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविक देऊन नवजात मृत्युदर तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ही फलश्रुती प्रसिद्ध झाली. जामखेडच्या वर्गात प्रश्न गावातून येत असे. गडचिरोलीत प्रश्न आधी संशोधनाने नेमका केला जाई आणि मग त्याचे उत्तर एकेक कृती करून हातात बसवले जाई. पुरस्कर्त्यांच्या चर्चेत या दोन रीती कधी कधी एकमेकींच्या विरोधी म्हणून मांडल्या जातात, पण वरच्या आकड्यांवरून त्या एकमेकींच्या पूरक असल्याचे दिसते.

या दोन्हींच्या आधीचा इतिहास थोडक्यात नोंदवला पाहिजे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले कर्नल साहिबसिंग सोखी यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीच्या उपसमितीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता शिकवावा अशी शिफारस केली होती. १९४६ च्या भोर समितीने मात्र पूर्ण प्रशिक्षित डॉक्टरवर भर दिला आणि अल्प मुदतीच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांकडे पाठ फिरवली. पुढची तीन दशके भोर समितीची वाट चालली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या, केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेल्या एका संग्रहात चीन, ग्वाटेमाला आदी देशांतील प्रयोगांच्या शेजारी जामखेडचा वृत्तांत आला, आणि १९७८ च्या आल्माआटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली तेव्हा ज्या उदाहरणांचा आधार घेतला गेला त्यांत जामखेड होते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमण्याची योजना सुरू केली होती : तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन, औषधांची पेटी. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि अनेक ठिकाणी सरपंचाच्या गोतावळ्यातले. तीन महिने संपले की शिकवणारा आणि शिकणारा पुन्हा भेटत नसत. योजना नाव बदलत बदलत विझत गेली, पण तिने एक धडा दिला होता, तो असा की एकदाच दिलेले ज्ञान गावात गेल्यावर शिळे होते.

तो धडा २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आलेल्या ‘आशा’ योजनेने निम्मा घेतला. आशा ही स्त्री असावी, गावची सून असावी, दर हजार लोकसंख्येमागे एक असावी, हे त्यात आले. प्रशिक्षण मात्र दिवसांत मोजले गेले : पहिले सात दिवस, नंतर चार-चार दिवसांचे चार टप्पे, मिळून तेवीस. पुढे गडचिरोलीच्या पद्धतीवर बेतलेली सहावी आणि सातवी पुस्तिका आली, नवजात बालकाच्या गृहभेटींचे वेळापत्रक आले (रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी), वजनकाटा आणि तापमापक आले. यातले बरेच उत्तम आहे. पुस्तिकांची चित्रे स्पष्ट आहेत, धोक्याच्या खुणा थोडक्यात आहेत, आणि महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांपैकी कितीतरी जणींना बाळाचे तापमान घेण्याचा आत्मविश्वास त्यातूनच आला. अडचण पुस्तिका मिटल्यावर सुरू होते. जामखेडच्या पथकाची जागा इथे गटप्रवर्तकाने घ्यायची होती. वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक नेमली गेली आणि तिने गावात जाऊन शेजारी बसून शिकवावे असे अभिप्रेत होते. प्रत्यक्षात तिचा दिवस अहवाल गोळा करण्यात आणि ते वर पाठवण्यात जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातली मासिक बैठक ही आठवड्याच्या वर्गाची सर्वांत जवळची नातलग, पण तिथे ‘तुझ्या गावात या महिन्यात काय अडले?’ या प्रश्नाऐवजी ‘तुझा रकाना रिकामा का?’ हा प्रश्न विचारला जातो. शिवाय आशेच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक ठरतो. रुग्णालयात प्रसूतीस नेले तर इतके, लसीकरण पूर्ण केले तर इतके. त्यात विचार करण्याला, गाऱ्हाणे ऐकण्याला किंवा शिकण्याला दर नाही. २०२१ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तकांनी संप केले ते मानधनासाठी, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. सन्मान आणि संप यांची ही शेजारशेजारची नोंद पुरेशी बोलकी आहे. जामखेडच्या कार्यकर्तीलाही पगार नव्हता, असा प्रतिवाद कधी कधी ऐकू येतो. तो लंगडा आहे. तिला छोट्या व्यवसायासाठी आधार होता, तिच्या कामाचे तास तिचे होते, आणि तिच्याकडून कोणी रोज भ्रमणध्वनीवर आकडे मागत नव्हते.

पुस्तकांकडे वळायचे तर मराठीतली शिदोरी वाटते त्यापेक्षा भरलेली आहे. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील कामातून आधी स्पॅनिशमध्ये लिहिलेले, ‘डॉक्टर नसेल तिथे’ काय करावे हे सांगणारे पुस्तक जगभर भाषांतरित झाले आणि भारतातील संस्थांनी ते स्थानिक भाषांत आणले. मराठीत डॉ. श्याम अष्टेकर यांचे ‘भारतवैद्यक’ हे स्वतंत्र लेखन त्याच जातीचे, पण इथल्या रोगांना, इथल्या औषधांना आणि आयुर्वेदाच्या घरगुती वापरालाही जागा देणारे. डॉ. अनंत फडके यांच्यासारख्यांनी लोकविज्ञान चळवळीतून औषधांच्या विवेकी वापरावर सोप्या मराठीत लिहिले. या लेखनाची एक कसोटी अशी की ते शब्द कुठून घेते. ‘श्वेतप्रदर’ हा शब्द पुस्तकात शोभतो, पण बाई सांगते ते ‘अंगावरून पांढरे जाते’. ‘छाती आत ओढली जाणे’ हे लक्षण पाठ झालेल्या आशेलाही आई ‘बाळाचे पोट उडते’ म्हणाली तर दोन्हींचा मेळ घालता आलाच पाहिजे. सरकारी पुस्तिका अनेकदा दिल्लीत इंग्रजीत लिहिल्या जातात, हिंदीतून मराठीत येतात आणि वाटेत त्यांचे कान गळून पडतात. राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक याच्या उलट दिशेने गेले, बायकांच्या बोलण्यापासून शास्त्राकडे. प्रशिक्षण-साहित्य म्हणून ते लिहिले गेले नसले तरी त्या कामी ते कित्येक पुस्तिकांपेक्षा उपयोगाचे आहे.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी आहे, आणि काही बाबतींत अधिक दयनीय. ग्रामीण भागातील खासगी डॉक्टराला पदवीनंतर नवे ज्ञान बहुतेक वेळा औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडूनच मिळते. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मागते, पण ते श्रेयांक शहरातल्या सभागृहात, बहुधा अतिविशेष विषयांवर, मिळवता येतात. विंचूदंश, सर्पदंश, उष्माघात किंवा कीटकनाशकाची विषबाधा हे जामखेडसारख्या तालुक्याचे विषय त्यांत क्वचितच असतात. याला एक लखलखीत अपवाद आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण रात्र रात्र जागून पाहिले, नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध या दंशात जीव वाचवते हे दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि उपचाराची रीतच बदलली. म्हणजे शिकवणारे साहित्य नेहमी वरून खालीच वाहते असे नाही. खालच्या पातळीवरच्या नोंदवहीतही ते जन्मते, फक्त ती नोंदवही कोणी वाचली पाहिजे. २०१८ पासून उपकेंद्रांवर नेमले जाऊ लागलेले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांत महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांचा भरणा मोठा आहे, सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करून येतात. मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी, दूरध्वनी किंवा दूरदृश्य संवादावरून तज्ज्ञाचा सल्ला ही कामे त्यांच्याकडे आली आहेत. दूरसल्ल्यात शिकण्याची मोठी शक्यता आहे, पण ती तेव्हाच फळते जेव्हा तोच तज्ज्ञ पुन्हा पुन्हा भेटतो आणि मागच्या रुग्णाचे पुढे काय झाले हे विचारतो. दर वेळी नवा चेहरा समोर आला तर त्यातून औषधाची चिठ्ठी मिळते, शिक्षण मिळत नाही.

जामखेडने आपला अनुभव जपण्यासाठी १९९० च्या दशकात प्रशिक्षण आणि संशोधनाची स्वतंत्र संस्था उभी केली, जिथे देशोदेशीचे आरोग्य कर्मचारी आणि विद्यार्थी काही आठवडे राहून शिकतात आणि ज्यांच्याकडून शिकतात त्यांत गावच्या कार्यकर्त्याही असतात. डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तल्यानंतरही पुढच्या पिढीने काम चालू ठेवले आहे. तरीही जामखेडची पद्धत तिच्या संस्थापकांच्या व्यक्तिमत्त्वावर किती अवलंबून होती, ही शंका सगळ्याच स्वयंसेवी प्रयोगांना लागू पडते आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. हजारो लोक तो वर्ग पाहून गेले. तसा वर्ग, तितक्या सातत्याने, परत जाऊन किती जणांनी भरवला हे पाहिले तर उत्साह आवरता घ्यावा लागतो. सरकारला तो भरवता येणार नाही असे मात्र नाही. त्यासाठी लागणारी खोली प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, बायका महिन्यातून एकदा तिथे येतातच, आणि खर्च मुख्यतः त्यांच्या दिवसभराच्या मजुरीचा आहे.

तशा वर्गात आज कोणता विषय आधी यावा, याचे उत्तर जामखेडच्या शेजारीच सापडते. १९८९ मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून दाखवून दिले होते की त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आहे आणि त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के आहेत. तीस वर्षांनंतर, २०१९ मध्ये, जामखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची शासकीय पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेक जणींची मूळ तक्रार अंगावरून पांढरे जाण्याची किंवा पाळीच्या त्रासाची होती, जिच्यावर पुष्कळदा गोळ्यांनी उपचार होतो. ही तक्रार बाई सर्वांत आधी ज्या बाईजवळ बोलते ती गावातली आशा असते, आणि त्या तक्रारीवर काय विचारावे, कोणत्या खुणा पाहाव्यात, कोणत्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर दुसरे मत कुठे घ्यावे, यासाठी तेवीस दिवसांच्या वेळापत्रकात फारच थोडी मिनिटे येतात. उसाच्या फडावर सहा महिने राहणाऱ्या बाईची आशा कोणती, तिच्या गावची की कारखान्याच्या गावची, हे तर त्या वेळापत्रकात कुठेच येत नाही.